शक्ती गेलं कुठे? अरबी समुद्रातली वादळं, लाटा आणि आपला किनारा

दर्याकाठी | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१०

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबरला, अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ झालं. ४ तारखेला ते तीव्र झालं आणि आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबई बुडवून झाली, रत्नागिरी उडवून झाली. प्रत्यक्षात ते पश्चिमेला सरकत गेलं, मग मागे फिरलं आणि भर समुद्रातच विरलं. कालपरवापर्यंत घाबरवणारी तीच मंडळी आता विचारतायत, "कुठे गेलं तुमचं वादळ?"

मी हर्णै भागातला. घरची बोट आहे. मी स्वतः समुद्रावर जात नाही, डिझेल-बर्फ आणि हिशेब बघतो. ऐन हंगामात बोटी बांधून ठेवल्या की काय होतं ते वहीत दिसतं. खलाशांना उचल आधीच दिलेली असते, त्यांचं खाणंपिणं सुरूच, बँकेचा हप्ताही सुरूच. त्यामुळे लोकांचा वैताग मला समजतो. पण "वादळ आलंच नाही" हे काही पटत नाही. कोजागिरीचं उधाण नेमकं त्याच आठवड्यात होतं, बाहेरून फुगवटा, म्हणजे लांबून आलेली लाट, येत होता, खाडीच्या तोंडाशी लाट फुटत होती. वादळ किनाऱ्याला धडकलं तरच ते आलं, असं धरून चाललं की पुढचं सगळंच गणित चुकतं.

इथे जाणकार बरेच आहेत. मस्कत-सलालापासून लक्षद्वीपपर्यंतच्या या एका समुद्राबद्दल एकत्र बोलूया म्हणून धागा काढलाय.

स्पष्टवक्ता | ८ ऑक्टोबर, रात्री ९:४२

बोलूया की. पण अंदाज म्हणजे लॉटरी हे आधी मान्य करा. २०१९ ला 'वायू' गुजरातवर आदळणार म्हणून लाखो लोक हलवले, ते आयत्या वेळी वळलं. आता हे. बंदरावर तीन नंबरचा बावटा आणि वर आकाश निळंशार. मच्छीमारानं पोट कुठे बांधून ठेवायचं?

समभाररेषा | ८ ऑक्टोबर, रात्री ११:०५

बावट्यापासूनच सुरू करतो. एक आणि दोन नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी शिजतंय, त्या बाजूला जाणाऱ्यांनी जपा. तीन नंबर म्हणजे बंदरालाच सोसाट्याचा वारा लागण्याची शक्यता आहे. आकाश निळं की काळं याच्याशी त्याचा संबंध नाही. वादळाचे ढग पाचशे किलोमीटरवर असले तरी त्यानं उठवलेली लाट आपल्याकडे येतेच.

आता वळण्याबद्दल. चक्रीवादळ म्हणजे वाहत्या पाण्यातला भोवरा. तो गरगरतो स्वतःच्या बळावर, पण जातो पाणी नेईल तिकडे. हे नेणारं पाणी म्हणजे पाच-दहा किलोमीटर उंचीवरचे वारे. अरबस्तानावर वरच्या थरात जास्त दाबाचं क्षेत्र भक्कम बसलेलं असलं की वादळ पश्चिमेला, ओमान-येमेनकडे ढकललं जातं. उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांची एखादी द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, खाली उतरली की तेच वादळ मान वळवून ईशान्येकडे, म्हणजे गुजरात-कोकणाकडे येऊ लागतं. दोन्ही जोर सारखेच असले तर ते जागच्या जागी रेंगाळतं. २०२३ चं 'बिपरजॉय' आठवा. ६ जूनला सुरू झालं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. तोवर रोज त्याची दिशा नवी. त्यानं पावसाची वाटही अडवली. मान्सून कोकणात येऊन थबकला आणि २५ जूनला मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे एकाच दिवशी पोचला. असं त्याआधी १९६१ मध्ये झालं होतं.

'शक्ती' परत फिरलं तेव्हा त्याच्यात दम उरला नव्हता. अरबस्तानाच्या वाळवंटावरची कोरडी हवा पोटात शिरली की वादळ आतून पोकळ होतं, हा अरबी समुद्रातला नेहमीचा प्रकार. वळण्याची शक्यता वेधशाळेनं सांगितलेली असते, पण बातम्यांत रेघ एकच दाखवतात. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जो रुंदावत जाणारा पट्टा असतो, खरा अंदाज तोच.

नाखवा | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

पट्टा-बिट्टा ठीक आहे हो साहेब. आम्हाला एवढंच सांगा, वारा किती नॉट आणि लाट किती फूट.

समभाररेषा | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

नाखवा, तेही मिळतं. वारा हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या रोजच्या इशाऱ्यात, लाट हैदराबादच्या इन्कॉइसच्या, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पत्रकात. नावांच्या पायऱ्या तेवढ्या लक्षात ठेवा. डिप्रेशन १७ नॉटपासून (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), डीप डिप्रेशन २८ पासून, चक्रीवादळ ३४ पासून, तीव्र ४८ पासून. ६४ ला अतितीव्र सुरू होतं आणि १२० ला महाचक्रीवादळ. नाव मिळतं ते ३४ नॉट झाल्यावर. बातमीही तेव्हाच होते. पण लहान बोटीचे हाल २५ नॉटलाच सुरू होतात, हे मी तुम्हाला काय सांगणार! यंदाच्या मे महिन्यात २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये जे किनाऱ्यावर आलं ते नुसतं डिप्रेशन होतं. त्याला नावही नव्हतं. त्याच्या पाठोपाठ २६ मे रोजी मुंबईत मान्सून लागला, आजवरच्या नोंदींतला सगळ्यात लवकरचा.

जहाजी | ९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी मालवाहू जहाजावर आहे, सध्या सुट्टीवर घरी. लाट किती फूट, हा प्रश्न अर्धाच आहे. दोन लाटांमध्ये किती सेकंद, हे आधी विचारा.

जवळच्या वाऱ्यानं उठलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते. अंगावर येते, भिजवते, त्रास देते, पण दिसते. लांबून आलेला फुगवटा पंधरा-अठरा सेकंदांचा असतो. खोल पाण्यात तो कळतही नाही, बोट हळूच वर जाते आणि हळूच खाली येते. पाणी उथळ झालं की मात्र तोच उभा राहतो. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या बारवर, म्हणजे पाण्याखालच्या दांड्यावर, दीड मीटरचा लांब फुगवटा अडीच-तीन मीटरला फुटू शकतो. बाहेर सगळं शांत आणि घरच्या दारात बोट उलटी, हे असं होतं.

हा फुगवटा येतो कुठून ते ऐकून गंमत वाटेल. मे २०२४ च्या सुरुवातीला केरळपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत इशारा होता. वारा नाही, ढग नाही, वादळ तर नाहीच. त्या लाटा दक्षिण हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या पार खाली उठल्या होत्या. अठरा सेकंदांचा फुगवटा ताशी पन्नास किलोमीटरनं पुढे सरकतो, दिवसाला बाराशे. तिकडच्या चाळीस अंश अक्षांशावरून कोकणात पोचायला पाचेक दिवस. केरळात याला कल्लकडल म्हणतात आणि इन्कॉइस त्याचा वेगळा इशारा काढतं. आपल्याकडे ती बातमी "समुद्राला उधाण" एवढ्यावर संपते. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, त्याचं वेळापत्रक ठरलेलं. हे प्रकरण निराळं. दोन्ही एकाच दिवशी आली तर मग बघायलाच नको.

दर्याकाठी | ९ ऑक्टोबर, दुपारी २:०५

यासाठीच धागा काढला होता. जहाजी, धन्यवाद. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाबद्दल नंतर विचारतो.

मस्कतकर | ९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

आम्ही या समुद्राच्या पलीकडच्या काठावर. तुमच्याकडून "गेलं ओमानला" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात, तो आम्हाला इथे ऐकू येतो बरं का!

जून २००७ मध्ये 'गोनू' आलं तेव्हा मी इथे नवा होतो. वाळवंटात कसलं आलंय वादळ, असंच सगळे म्हणत होते. पाऊस डोंगरावर पडला आणि एरवी कोरड्या ठणठणीत असणाऱ्या वाद्यांमधून, म्हणजे ओढ्यांमधून, मस्कतच्या रस्त्यांवर आला. आमच्या इमारतीखालच्या गाड्या पाण्याबरोबर गेल्या आणि एकमेकींवर चढून बसल्या. पण खरे हाल नंतर झाले. इथे पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं. ते कारखाने बंद पडले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून लोक पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत होते. ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसं गेली.

त्यानंतर २०१५ ला 'चपला' आणि 'मेघ' एकामागोमाग सोकोत्रा बेटावरून येमेनला गेली. मे २०१८ मध्ये 'मेकुनू' सलालावर आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'लुबान' येमेनच्या सीमेवर. या शेवटच्या दोघांनी रुब अल खालीच्या वाळवंटात तळी साचवली. आमच्या ऑफिसातला एक ओमानी सहकारी ती तळी बघायला मुलांना घेऊन गेला होता.

वऱ्हाडी_संत्रा | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१२

थांबा थांबा. टोळधाड ती हीच का? मे २०२० मध्ये आमच्या मोर्शी-वरुडकडे टोळ आले होते. लोक बागेत ताटं-डबे बडवत फिरत होते, फवारणीला अग्निशमनचे बंब आणले होते.

मस्कतकर | ९ ऑक्टोबर, रात्री ११:२५

तीच. त्या ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या आणि तिथे बघायला कोणी नव्हतं. मग येमेन, पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान, राजस्थान असं करत ते तुमच्या बागेपर्यंत आले. मधे आणखी पाऊस-वादळांनी मदत केली म्हणा, पण सुरुवात इथली.

वऱ्हाडी_संत्रा | ९ ऑक्टोबर, रात्री ११:३१

घ्या! आणि आम्ही म्हणतो आमचा समुद्राशी संबंध नाही.

लातूरकर | १० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

संबंध आमचाही आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरातलं 'गुलाब' आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं, तेलंगणातून आमच्यावर आलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. मग पेपरात वाचलं की तेच पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं. खरं का?

समभाररेषा | १० ऑक्टोबर, सकाळी ९:००

अगदी खरं. १ ऑक्टोबरला ते अरबी समुद्रात पुन्हा चक्रीवादळ झालं, 'शाहीन' असं नवं नाव मिळालं आणि ३ तारखेला ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर, अल बातिना भागात गेलं. मस्कतकरांना ते आठवत असेलच. २०२४ मधलं 'असना' तर आणखी नवलाचं. ऑगस्टच्या शेवटी कच्छच्या जमिनीवरचं डीप डिप्रेशन समुद्रात उतरलं आणि तिथे चक्रीवादळ झालं. ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं फार दुर्मीळ, त्याआधीचं १९७६ चं.

दुर्मीळ का, ते सांगतो, कारण या समुद्राचा स्वभाव त्यातच आहे. एप्रिल-मेमध्ये लक्षद्वीपच्या आसपासचं पाणी तीस अंशांच्या वर तापतं. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस पुरतात. म्हणजे इंधन भरपूर. पण जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरून नैऋत्य वाऱ्याचा जो झोत सुटतो, तो सोमालिया-ओमानजवळचं वरचं पाणी लांब लोटतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. सलालाला ऐन पावसाळ्यात धुकं आणि गारवा असतो तो यामुळेच. शिवाय मान्सूनमध्ये खालचे वारे पश्चिमेकडून तर वरचे पूर्वेकडून. वादळाचं खोड एकीकडे आणि डोकं दुसरीकडे ओढलं जातं, ते उभंच राहू शकत नाही. म्हणून हंगाम दोनच, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर.

पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर इकडे एक, असं म्हणायचे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ अशा दोन काळांची तुलना आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्के वाढली, उपसागरातली ८ टक्के घटली. वादळांचा मुक्काम ८० टक्क्यांनी लांबला. नोंदींचा काळ काही शतकांचा नाही, तेव्हा टक्क्यांना फार कवटाळू नका. पण समुद्र तापलाय आणि वादळं जास्त वेळ टिकतायत, याबद्दल मला तरी शंका नाही. एकट्या २०१९ मध्ये पाच झाली. वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली आणि सुमात्राकडची थंड होती. आपल्या दिवाळीतल्या पावसाची कारणं कधी कधी इंडोनेशियात सापडतात.

स्पष्टवक्ता | १० ऑक्टोबर, सकाळी ९:४०

माहिती उत्तम. तरी माझा प्रश्न तोच. 'क्यार' तर महाचक्रीवादळ होतं, ते पण आपल्याकडे आलं नाही.

दर्याकाठी | १० ऑक्टोबर, सकाळी १०:३०

आलं नाही? ऑक्टोबर २०१९, दिवाळीच्या तोंडावर. केंद्र समुद्रातच राहिलं, बरोबर. पण आमच्याकडे कापून वाफ्यात पसरलेलं भात भिजून जागच्या जागी मोड आले. पेंढाही गेला, म्हणजे गुरांचं पण गेलं. बोटी जयगडच्या खाडीत आणि मिळेल तिथे शिरल्या. ते संपतंय तोवर 'महा'. एकाच वेळी दोन वादळं या समुद्रात. भात गेलेल्या माणसाला "केंद्र दोनशे किलोमीटरवर होतं" हे जाऊन सांगा.

'निसर्ग' मात्र खरोखर अंगावर आलं. ३ जून २०२०, अलिबागच्या दक्षिणेला. दिवेआगर, श्रीवर्धनपासून केळशी-आंजर्ल्यापर्यंत वाड्या झोपल्या. नारळ मुळासकट पडले. सुपारी मधूनच मोडली, कंबरेएवढे बुंधे तेवढे रांगेनं उभे. नवी सुपारी लावली तर धरायला सहा-सात वर्षं. पण माणसं तुलनेनं कमी गेली आणि समुद्रात बोटी जवळजवळ नव्हत्याच. १ जूनपासून मासेमारी बंद असते, हे एक कारण. इशारा वेळेत आला होता, हे दुसरं. नोव्हेंबर २००९ च्या 'फयान'ला यातलं काहीच नव्हतं. बोटी बाहेर, वायरलेस मोजक्यांकडे. आमच्या भागात वडीलधारी मंडळी अजून "फयानच्या आधी, फयानच्या नंतर" असं बोलतात.

जहाजी | १० ऑक्टोबर, दुपारी १२:१५

'तौक्ते'चं उदाहरण स्पष्टवक्त्यांसाठी. मे २०२१. जमिनीवर गेलं गुजरातेत, दीव-उन्याजवळ, १७ मेच्या रात्री. महाराष्ट्राला ते समांतर वर गेलं, म्हणजे तुमच्या हिशेबानं "आलं नाही". पण आपल्या गोलार्धात वादळाची उजवी बाजू वाईट, कारण तिथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिळवला जातो. वादळ उत्तरेला चाललं तर त्याच्या उजवीकडे कोण? अख्खं कोकण आणि मुंबई. कुलाब्याला झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ या तराफ्याचे नांगर तुटले, तो भरकटला आणि बुडाला. सत्तरपेक्षा जास्त माणसं गेली. इशारा तीन दिवस आधीपासून होता.

स्पष्टवक्ता | १० ऑक्टोबर, दुपारी १२:४०

पी-३०५ बद्दल बोलायला तोंड नाही. ठीक आहे, अंदाजाला लॉटरी म्हणणं मागे घेतो. पोटाचा प्रश्न मागे घेत नाही.

देवगडचो_हापूस | १० ऑक्टोबर, दुपारी ३:०५

ओखीच्या टायमाक, २०१७ च्या डिसेंबरात, आमच्या देवगड बंदरात केरळ-तामिळनाडूच्यो बोटी इलेल्यो. त्यांची भाषा आमका कळना नाय, आमची त्यांका. पण भात-निस्त्याक भाषा लागना नाय. कित्येक जण घराक फोन लावन नुसते रडा होते. बंदर चांगला आसा म्हणान वाचले. बाकी किनाऱ्यार आसरो खय आसा, तां सांगा.

नाखवा | १० ऑक्टोबर, दुपारी ३:३०

लाख बोललास भावा. इशारा आता मोबाईलवर येतो, वायरलेसवर येतो, काही बोटींवर उपग्रहाचं यंत्र बसलंय. पन्नास-साठ वाव पाण्यात असलो तरी कळतं. कळल्यावर जायचं कुठे?

दर्याकाठी | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

आता मूळ मुद्द्यावर आलो. हर्णैला बोटी उघड्या समुद्रात नांगरलेल्या असतात, किल्ल्याचा आडोसा तेवढाच. वारा फिरला की आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं. तोंडाशी गाळ साचलेला. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मोठी बोट टेकते, म्हणजे भरतीची वाट बघत बाहेर थांबा. वादळात बाहेर थांबा म्हणजे काय ते जहाजींनी वर लिहिलंच आहे. नाहीतर दाभोळ, जयगड गाठा. तिथे गुजरातच्या बोटी आधीच येऊन बसलेल्या.

स्पष्टवक्त्यांचा पोटाचा प्रश्न मला मान्य आहे. इशाऱ्याचे दिवस बुडतात त्याचा भार एकटा मच्छीमार उचलतो. पण त्याचं खापर अंदाजावर फोडून आपण खरी मागणीच करत नाही. गाळ काढा, तोंड खोल ठेवा, दर तीस-चाळीस किलोमीटरवर सुकतीलाही शिरता येईल असा एक तरी आसरा द्या. तसं झालं तर बोट इशारा आल्यावर निघूनही वेळेत आत येईल आणि चार दिवस आधीपासून बांधून ठेवावी लागणार नाही. म्हणजे बुडणारे दिवसही कमी होतील.

जहाजी, तुम्हाला विचारायचं होतं ते हे. फुगवटा असताना तोंडातून शिरायचंच झालं तर?

जहाजी | १० ऑक्टोबर, रात्री ९:००

सुकतीला अजिबात नाही. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट भिडली की ती उभीच फुटते. भरती अर्ध्याहून वर गेल्यावर, पाणी आत वाहत असताना शिरा. आधी बाहेर थांबून लाटा मोजा. मोठ्या लाटा घोळक्यानं येतात, त्या सरल्या की मधे थोडी उसंत मिळते. तेव्हा निघालात की इंजिन कमी करायचं नाही आणि बोट आडवी होऊ द्यायची नाही. जाळी-बर्फ डेकवर असेल तर आधी खाली घ्या, वजन वर नको. आणि फुगवटा चौदा सेकंदांच्या वरचा असेल तर आंजर्ल्याचा नाद सोडा, डिझेल जळलं तरी जयगडला जा.

नाखवा | १० ऑक्टोबर, रात्री ९:२०

हे सेकंदाचं पत्रक मराठीत कुठे मिळेल? आमच्या सोसायटीच्या फळ्यावर रोज लिहायची सोय करतो.

समभाररेषा | १० ऑक्टोबर, रात्री ९:४५

इन्कॉइसच्या संकेतस्थळावर जिल्हावार मिळतं. तुमचा जिल्हा सांगा, कुठे काय वाचायचं त्याचं चित्र काढून उद्या इथेच टाकतो.